“डब्यातल्या भाजीपेक्षा रस बरा ना?”

“डबाबंद भाज्यांत काही उरलेलंच नसतं म्हणतात. मग त्यापेक्षा फळांचा रस दिला तर काय वाईट?” पाच वर्षांच्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. नोकरीमुळे रोज भाजी निवडायला-चिरायला वेळ नसे, म्हणून घरात मटार, गाजर, मका यांचे डबे असत. कुणीतरी त्याला ‘मेलेलं अन्न’ म्हटलं. त्यांनी डबे बंद केले आणि मुलाला सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास सफरचंदाचा रस सुरू केला. दोन महिन्यांत मुलगा दुपारचं ताट चिवडायला लागला, दिवसातून तीन-चारदा पातळ शी व्हायला लागली. डॉक्टरांनी तपासलं. संसर्ग नव्हता, वजनही घटलं नव्हतं. आहाराचं बघून घ्या, म्हणून त्यांनी माझ्याकडे आहार-समुपदेशनाला पाठवलं.

पुढच्या भेटीला रोजचा ग्लास, रसाचा खोका आणि मटारचा डबा आणायला सांगितलं. ग्लास काठोकाठ भरून मापाच्या भांड्यात ओतला. आईंना तो 200 मिलीचा वाटत होता, निघाला 300 चा. म्हणजे दिवसाला 600 मिली. खोक्यावर 100 मिलीमागे 10 ग्रॅम साखर लिहिली होती, म्हणजे एकूण 60 ग्रॅम, चहाचे 15 चमचे! “पण वरून साखर घातलेली नाही, असं लिहिलंय की,” त्या म्हणाल्या. ते खरंच आहे. मात्र फळ पिळलं की चोथा मागे राहतो आणि साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मधासोबत ‘मुक्त साखरेत’च मोजते. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसालाही तिची मर्यादा 50 ग्रॅम आहे, जमल्यास 25.

पातळ शी होण्याचं कारणही त्याच ग्लासात होतं. फळांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या साखरा असतात. सफरचंदाच्या रसात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज बरंच जास्त असतं, शिवाय सॉर्बिटॉल हा साखरेसारखाच गोड घटक. लहान मुलाच्या आतड्यात हे सगळं शोषलं जात नाही. जे शोषलं जात नाही ते आतड्यात पाणी ओढून घेतं आणि शी पातळ होते. आणि जवळजवळ पावणेतीनशे कॅलरी पिऊन झाल्यावर जेवणाची भूक कुठून लागणार?

मग डबा उघडला. मटार चाळणीत निथळले, वजन केलं. निथळलेल्या 100 ग्रॅम मटारात साधारण 4 ग्रॅम तंतू आणि तेवढीच प्रथिनं असतात. तेवढ्याच रसात दोन्ही नावापुरती. डबाबंद करताना भाजी जवळपास 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात सी आणि बी-1 जीवनसत्त्वं बरीच कमी होतात, काही पाण्यात उतरतात. तंतू, प्रथिनं, गाजरातलं कॅरोटीन मात्र टिकतं. भाजी टिकते ती या उष्णतेमुळे आणि हवाबंद झाकणामुळे, त्यासाठी वेगळं रसायन लागत नाही. ‘मेलेलं अन्न’ हा शब्द म्हणूनच मला पटत नाही.

डब्याचा खरा दोष मिठाचा. या डब्यावर 100 ग्रॅममागे 250 मिलिग्रॅम सोडियम होतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, इथे सुमारे 0.6 ग्रॅम. पाणी निथळून मटार नळाखाली अर्धा-एक मिनिट धुतले तर यातलं काही सोडियम निघून जातं. डब्यातलं मीठ असं धुता तरी येतं, रसातली साखर कशी धुणार? डबा बिनमिठाचा असेल तर मात्र पाणी फेकू नये, सूपमध्ये घालावं, कारण उतरलेली जीवनसत्त्वं त्यातच असतात.

ठरलं ते असं. रस दिवसातून एकदाच, 120 मिली, जेवणासोबत, मापाच्या कपाने. चार ते सहा वर्षांच्या मुलांना कमाल 180 मिली चालतो. सी जीवनसत्त्वासाठी रोज एक संत्रं, फोडी करून. मध्यम संत्र्यात साधारण 70 मिलिग्रॅम मिळतं, या वयाला ते पुरून उरतं. दुपारी निथळून धुतलेले मटार किंवा गाजर, अर्धी वाटी.

पहिल्या आठवड्यात मुलाने मटार थुंकून टाकले. विचारल्यावर कळलं, आई ते ताज्या मटारासारखे पंधरा मिनिटं शिजवत होत्या आणि वर नेहमीएवढं मीठही घालत होत्या. डब्यातली भाजी शिजलेलीच असते, पुन्हा शिजवली की लगदा होतो. मग शेवटी घालून दोन-तीन मिनिटं गरम करायची आणि मीठ चाखूनच घालायचं, असं सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात शी बांधून व्हायला लागली आणि मुलगा दुपारी स्वतःहून जेवायला मागू लागला.

शेवटच्या भेटीत आईंनी डब्यांबद्दल आणखी एक विचारलं: झाकण जरा फुगलेलं असेल तर वरची भाजी काढून टाकून खालची वापरू का? अजिबात नाही. फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फसकन फवारा उडालेला डबा चाखूनही पाहायचा नाही, सगळाच टाकायचा. त्यात बोट्युलिझमचं, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचं, जिवाणूंनी तयार केलेलं विष असू शकतं आणि ते वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. चांगल्या डब्यातली उरलेली भाजी काचेच्या भांड्यात काढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.