जीसीसीच्या बाहेरच्या लायब्रऱ्या

प्रश्न: जीसीसी हा कंपायलर सोर्समधून बिल्ड करताना जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिती लायब्रऱ्या हव्यात, असे सांगून कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) थांबते. तिन्ही मशीनवर आहेत. मग अडते कुठे?

उत्तर: बहुधा तुमच्याकडे फक्त चालवण्याच्या फाइल्स आहेत, हेडर (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइल्स) नाहीत. लिनक्स डिस्ट्रोची 'डेव्ह' पॅकेजेस टाकली की काम भागते. पण आमचा आग्रह दुसऱ्या मार्गाचा आहे.

सोर्सच्या मुळाशी उभे राहून 'कॉन्ट्रिब' फोल्डरमधली डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स स्क्रिप्ट चालवा. ती ठरलेल्या आवृत्त्या आणते, चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे ओळखण्याचा आकडा) तपासते आणि प्रत्येकीची सिमलिंक (तिच्या फोल्डरकडे नेणारा दुवा) सोर्समध्ये ठेवते. पुढचे मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी आज्ञा) या लायब्रऱ्या जीसीसीबरोबरच स्टॅटिक, म्हणजे कंपायलरच्या फाइलमध्येच जोडून, बांधते. हाच मोठा फायदा! वेगळ्या जागी शेअर्ड लायब्ररी (चालताना वेगळ्या फाइलमधून लोड होणारी) म्हणून बांधल्या तर बिल्डच्या मध्येच 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' अशी चूक येते, कारण नुकताच तयार झालेला कंपायलर चालताना लोडरला ती जागा माहीत नसते. स्वतः बांधायच्याच असतील तर क्रम पाळा: आधी जीएमपी, मग एमपीएफआर, शेवटी एमपीसी, प्रत्येक पुढची मागचीवर उभी आहे. आयएसएल ही आणखी एक लायब्ररी ऐच्छिक, फक्त जीसीसीच्या ग्राफाइट नावाच्या लूप-ऑप्टिमायझेशनसाठी.

इंटरनेट नसलेल्या मशीनवर त्याच आवृत्त्यांचे टारबॉल (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइल्स) आधी सोर्सच्या मुळाशी ठेवा; स्क्रिप्ट ते पुन्हा उतरवत नाही, चेकसम मात्र तपासते. तो जुळला नाही तर तपासणी बंद करू नका, फाइल नव्याने आणा.

आणि कॉन्फिगर नेहमी सोर्सबाहेरच्या रिकाम्या फोल्डरमधून चालवा.