एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र

बाय, तू फोंड्याहून विचारलंस की मानसशास्त्रात एम.ए. झालंय, पीएच.डी.साठी नेदरलँड्सला यायचंय. तर एकेका माणसाचा खोलात अभ्यास करणाऱ्या गटाकडे अर्ज करू, की सगळ्यांना लागू पडणारे नियम शोधणाऱ्यांकडे? दोन दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. व्हिसा, पगार, घरभाडं विद्यापीठांनी लिहून ठेवलंय, ते मी सांगत बसत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ विंडेलबांडनं 1894 साली स्ट्रासबुर्गच्या भाषणात नोमोथेटिक (सगळ्यांना लागू पडणारे नियम शोधणारं) आणि इडिओग्राफिक (एकेकाचं वेगळेपण पाहणारं) अशी वाटणी केली, 1937 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं ती व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणली, एवढं तू परीक्षेत लिहिलं असशीलच. मला इथे येऊन हादरवलं ते मानसशास्त्रज्ञ पीटर मोलेनार यांच्या 2004 च्या लेखानं. हजार माणसांना एकेकदा मोजून जो संबंध सापडतो, तोच एका माणसाला हजारदा मोजल्यावर सापडेल असं धरून चालता येत नाही. सगळी माणसं एकाच घडणीची असली आणि ती घडण काळाबरोबर बदलत नसली, तरच ते जमतं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या एलन हामाकर यांचं टायपिंगचं उदाहरण आहे: खूप टायपिस्ट तपासले तर जलद टाइप करणाऱ्यांच्या चुका कमी निघतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. पण त्यातल्याच एकाला घाई करायला लावा, त्याच्या चुका वाढतात.

ते वाचताना मला आपल्या कोर्टाबाहेरचा टायपिस्ट आठवला. माझ्या वडिलांचं नाव शंकर. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत 'श'साठी एक्स, म्हणून माझ्या जन्मदाखल्यावरही एक्स. शाळेच्या दाखल्यावर एस-एच. म्हणून ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला गेले. विमान चार दिवसांवर होतं, मी त्याच्या मागे उभी राहून सारखी घाई केली. पासपोर्टच्या नंबरातला एक आकडा चुकला. इथल्या एका कार्यालयानं मुलीच्या इथे राहण्याच्या परवानगीचे सगळे कागद परत पाठवले, मग पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, पुन्हा डच भाषांतर. मुलगी आजीकडे राहिली आणि सात महिन्यांनी आली, शाळेचं अर्धं वर्ष उलटल्यावर. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

इथे मूल साधारण 12 वर्षांचं झालं की शाळा सांगते, पुढे कुठल्या शाखेत जावं: व्यवसायशिक्षणाकडे नेणारं व्हीएमबीओ, त्याच्या वरचं हावो, की विद्यापीठाकडे नेणारं व्हीडब्ल्यूओ. फॉर्मवर घरची भाषा लिहायला एकच चौकट होती. आमच्याकडे जेवताना कोकणी, आजीची पत्रं आणि गोष्टी मराठीत, गणित इंग्रजीत. मी 'इतर' लिहिलं. बाई सौम्यपणे म्हणाल्या, घरी डच न बोलणाऱ्या मुलांना वरच्या शाखा जड जातात. त्यांनी व्हीएमबीओ सुचवलं. मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. ती पाच महिन्यांत डच वाचायला शिकली, वहीच्या मागे रोजचे नवे शब्द लिहायची, हे मला सांगता आलं असतं. मी गप्प राहिले, कारण ते वाक्य माझ्याच प्रबंधातलं होतं. घरची भाषा या खान्यात आकडे भरून, सरासरी काढून मी ते लिहिलं होतं, आणि आकडेमोड बरोबरच होती.

आता ती 17 वर्षांची आहे. व्हीएमबीओ पुरं करून हावोत गेली, वाट लांबली. त्या दिवशी मी का बोलले नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून एकेका माणसाकडे बघणारा गट बघ असं मी म्हणेन, पण नियमांना शत्रू मानणारा नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसनं 1885 मध्ये विस्मरणाची वक्ररेषा, म्हणजे शिकलेलं किती वेळात किती विसरतं ते, काढली ती स्वतः एकट्यावर प्रयोग करून, आणि ती इतरांवरही उतरली. आधी प्रत्येकाचं गणित वेगळं मांडायचं, मग त्यांच्यात काय जुळतं ते पाहायचं, अशा रीतीनं काम करणारे लोक शोध. कामाला मात्र चिकाटी लागते. माणसांना आठवडेच्या आठवडे, दिवसातून कित्येकदा फोनवर प्रश्न पाठवायचे, उत्तरं बुडली की पाठपुरावा करायचा. कालमालिकांचं, म्हणजे एकाच माणसाच्या ओळीनं घेतलेल्या मोजमापांचं, संख्याशास्त्र इथे येण्याआधीच शिकून घे, इथे कुणी थांबत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, चवथीला जास्त. त्याची सवय होते.

जन्मदाखला मात्र आत्ताच काढ आणि बाबांच्या नावाची अक्षरं सगळ्या कागदांवर जुळवून बघ. प्रतिज्ञापत्र करावं लागलं तर टायपिस्टच्या शेजारी बस, त्याला सावकाश करू दे, आणि सही करण्याआधी पासपोर्टचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचून घे.