पहिल्या पगारातून बाबांसाठी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून बाबांच्या तब्येतीसाठी काहीतरी घ्यायचं तुझ्या मनात आलं, हे वाचून फार बरं वाटलं. स्मार्ट घड्याळ घेऊ की प्रोटीनचा डबा, असं विचारलंस. डबा नकोच. या वयात किडनीची तपासणी केल्याशिवाय कुठलीही पावडर सुरू करू नये. घड्याळाचे आलेख पाहण्याची बाबांना आवड नाही, त्यामुळे तेही राहू दे.

त्यांना बीपीची गोळी चालू आहे ना? मग बीपीचं मशीन घे. मनगटावरचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घे. आधी टेपने त्यांच्या दंडाचा घेर मोज आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का ते बघ. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो आणि घरभर काळजी पसरते.

मशीन कुरिअरने पाठवू नकोस. स्वतः घेऊन जा आणि शेजारी बसून शिकव. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहायचे. दवाखान्यात आल्यावर नुसत्या धास्तीने कित्येकांचं बीपी चढतं, म्हणून घरची वही घेऊन पेशंट आला की मला मनापासून आनंद होतो. घरी सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत राहिली, तर त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आकडा चांगला आला म्हणून गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, हे त्यांना बजावून सांग.

पैसे उरले तर चालायचे बूट घे. बाबांना सोबत ने आणि संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे अर्धा तास भरभर चालणं, पाच दिवस. पहिले काही दिवस तूही बरोबर चाल.

एक सावधगिरी. कमी सोडियमचं मीठ भेट म्हणून नेऊ नकोस. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचं ठरू शकतं. त्यापेक्षा ताटातलं लोणचं-पापड कमी करा. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, एवढंच मीठ पुरे.

‘कशाला एवढा खर्च केलास?’ असं बाबा म्हणतीलच. म्हणू देत. त्यांचं मोजून झालं की मशीन लगेच आवरू नकोस, आईचंही बीपी बघ. तिचं कधी मोजलं होतं, ते विचार आणि मला कळव.

तुझे,
डॉक्टरकाका