जुनी आयडीई हार्ड डिस्क लिनक्सला सापडत नसेल, तर शोध कुठून सुरू करावा?

आपल्या प्रश्नानुसार 80 जीबीची जुनी आयडीई (सॅटाच्या आधीची, चपट्या केबलने जोडायची) हार्ड डिस्क सीडी ड्राइव्हसोबत एकाच केबलवर जोडलेली आहे, बायोसमध्ये (संगणक सुरू होताच हार्डवेअर तपासणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) ती कधी दिसते तर कधी दिसत नाही, आणि नवे लिनक्स बसवल्यापासून लिनक्समधले तिचे पूर्वीचे 'एचडीबी' हे नाव कुठेच सापडत नाही. माझ्या मते या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्या एकत्र सोडवायला गेल्यास गोंधळच वाढेल.

नावाची तक्रार सोपी आहे. 'एचडीए', 'एचडीबी' ही नावे जुन्या आयडीई ड्रायव्हरची होती. तो ड्रायव्हर 2021 मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) 5.14 या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला, आणि बहुतेक वितरणांनी त्याचा वापर त्याच्या कितीतरी आधीच सोडला होता. आता आयडीई डिस्कही 'लिबएटीए' या नव्या ड्रायव्हर-संचामार्फत हाताळली जाते आणि तिला सॅटा डिस्कप्रमाणेच 'एसडीए', 'एसडीबी' असे नाव मिळते. त्यामुळे कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये जुने नाव राहिले असेल, तर डिस्क धडधाकट असूनही ती माउंट होणार नाही, म्हणजे वापरासाठी उघडणार नाही. तिथे नावाऐवजी विभाजनाचा यूयूआयडी (त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहावा, म्हणजे पुढे क्रम बदलला तरी अडचण येत नाही.

खरी काळजी बायोसची आहे. जी डिस्क बायोसलाच अधूनमधून दिसत नाही, तिच्यावर लिनक्सची कोणतीही आज्ञा चालवून उपयोग नाही, कारण दोष लिनक्सच्या आधीच्या पायरीवर आहे. संगणक पूर्ण बंद करून (आयडीई चालू स्थितीत काढण्या-जोडण्यासाठी बनलेले नाही) सीडी ड्राइव्ह सोडवावा आणि डिस्क एकटी, केबलच्या टोकाला, मास्टर म्हणून लावून पाहावी (एका केबलवरच्या दोन उपकरणांपैकी एक मास्टर, दुसरे स्लेव्ह). जंपरची (मास्टर की स्लेव्ह हे ठरवणाऱ्या, पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीची) रचना डिस्कच्या लेबलवर छापलेली असते आणि ती नीट वाचणे आवश्यक आहे, कारण काही डिस्कमध्ये 'एकटी' आणि 'स्लेव्हसह मास्टर' या दोन वेगळ्या जागा असतात. दुसऱ्या जागेवर जंपर ठेवून डिस्क एकटीच जोडली, तर ती नसलेल्या सोबत्याची वाट पाहत राहू शकते. मी स्वतः एकदा एक अख्खी संध्याकाळ कर्नलचे पर्याय बदलण्यात घालवली आणि शेवटी दोष एवढ्याशा जंपरमध्ये निघाला. दोन्ही उपकरणे केबल सिलेक्टवर (केबलवरच्या जागेनुसार मास्टर-स्लेव्ह ठरण्याच्या पद्धतीवर) ठेवायची असतील, तर 80 तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला आणि मधले राखाडी स्लेव्हला जाते. केबल शक्य तर बदलूनच पाहावी. जुन्या चपट्या केबलच्या तारा आतून तुटलेल्या असल्या तरी बाहेरून तसे दिसत नाही.

एवढे झाल्यावर कर्नलचा लॉग वाचावा. त्यासाठी 'डीमेसेज' ही आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवावी. त्यात डिस्कचे मॉडेल आणि 'मॅक्स यूडीएमए/100' (डेटा-वहनाचा कमाल वेग) अशा धर्तीची ओळ आली, तर डिस्कने आपली ओळख दिलेली आहे आणि पुढचा शोध विभाजने व फाइल सिस्टिम यांपुरता उरतो. उलट 'फेल्ड टू आयडेंटिफाय' असे लिहिले असेल, तर कर्नलला तिथे काहीतरी असल्याची चाहूल लागली, पण ओळख विचारल्यावर योग्य उत्तर आले नाही. अशा वेळी वीजपुरवठा, जंपर आणि खुद्द डिस्कचा सर्किट बोर्ड यांवर संशय घ्यावा. '40-वायर केबल'मुळे वेग यूडीएमए/33 वर आणल्याची सूचना निरुपद्रवी आहे, मात्र आपण 80 तारांची केबल लावली असताना ती आली, तर केबल किंवा तिची जोडणी सदोष असण्याची शक्यता आहे. डिस्क ओळखली गेली पण आकार सुमारे 32 जीबीच दिसत असेल, तर जुन्या बायोससाठी क्षमता मर्यादित करणारा जंपर बसवलेला नाही ना, हे पाहावे.

यूएसबी कन्व्हर्टर वापरून पाहण्याचा विचार असेल, तर एक फसगत टाळावी. यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' या आज्ञेच्या यादीत जे दिसते ते कन्व्हर्टरमधल्या चिपचे नाव असते, डिस्कचे नव्हे. मागची डिस्क बंद असली तरी ते नाव येते, म्हणून डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके' या आज्ञेत शून्याहून मोठा आकार दिसेपर्यंत डिस्क सापडली असे मानू नये. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला 12 व्होल्ट लागतात आणि यूएसबी पोर्ट सहसा 5 व्होल्टच देतो, त्यामुळे वेगळा अडॅप्टर लागतोच.

डिस्क एकदा स्थिर दिसू लागली, की लगेच 'एफएससीके' ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा चालवू नये. सदोष केबलवर मी ती चूक केली आहे: चुकीचे वाचलेले तुकडे दुरुस्तीच्या नावाखाली परत लिहिले गेले आणि बरीचशी फोल्डर नावाविना 'लॉस्ट+फाउंड' या सापडलेल्या तुकड्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली. आधी 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने डिस्कने स्वतः नोंदवलेले प्रकृतीचे आकडे पाहावेत. 199 क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, आणि 5 व 197 या क्रमांकांचे (खराब वा संशयित जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्कच्या पृष्ठभागाचा. पृष्ठभाग खराब होत असेल, तर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' या प्रोग्रामने मॅप फाइलसह (कोणता भाग वाचून झाला याच्या नोंदीसह) दुसऱ्या डिस्कवर प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्यावी. मॅप फाइल असली की मध्येच डिस्क नाहीशी झाली तरी काम थांबले तिथून पुढे सुरू करता येते, आणि आपली डिस्क ज्या प्रकारे येते-जाते आहे ते पाहता याची गरज आपल्याला बहुधा पडेलच. फाइल सिस्टिमची दुरुस्ती त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावी.