राजेंद्रनगर ते लोकमान्यनगर, बागेबागेतून पायी

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून आलेल्या आईबाबांना इंदूरचं मेघदूत उपवन, नेहरू पार्क, पिपल्यापालाचं रीजनल पार्क सगळं दाखवून झालं. आता राजेंद्रनगरहून पायीच जाता येईल अशा छोट्या बागा आहेत का? शिवाय बाबांचे गुडघे कुरकुरतात.

आहेत की! पण एखादी बाग गाठून तिथेच बसण्यापेक्षा एकीतून दुसरीत जात लोकमान्यनगरपर्यंत चालत जा. दोन्ही स्टेशनं इंदूर-महू लाइनीवर लागोपाठची आहेत, त्यामुळे रूळ कुठल्या हाताला आहेत एवढं ध्यानात ठेवलं की दिशा चुकत नाही. एबी रोडच्या (आग्रा-मुंबई हमरस्त्याच्या) वाटेला जाऊ नका, आतल्या गल्ल्या धरा. कॉलनीचं लेआउट मंजूर करून घेताना मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणून चार-सहा गल्ल्यांमागे एखादा बगीचा लागतोच. बऱ्याच ठिकाणी त्याच्या कोपऱ्यात मारुती किंवा महादेव येऊन बसलेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यात बोअरिंगची खोली, आणि उरलेल्या जागेत झोपाळे नि ओपन जिम. माझं मत विचाराल तर जिमची यंत्रं जरा कमी आणि सावली जरा जास्त असती तर बरं झालं असतं.

खरी बघण्यासारखी गोष्ट मात्र कुंपणालगत असते, आणि तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. ती म्हणजे पाल्याचा हौद. जाळीदार विटांचे दोन कप्पे, एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. थंडीत सकाळी माळी फावड्याने थर उलटत असला तर जरा थांबा, आतून चक्क वाफ निघते. बाबांना शेतीची आवड असेल तर त्यांना सांगा, कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर जी ओळखतात, ती इथलीच. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये शेती-संशोधनाची संस्था निघाली, आणि तिथे १९३१ पर्यंत इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही पद्धत बसवली. पाला-काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, मधूनमधून उलटायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. स्वच्छतेत देशात पहिला नंबर २०१७ पासून सारखा मिळायला लागला, पण पाल्याचं सोनं करायची अक्कल गावात त्याआधीपासूनच होती.

छोट्या बागांचं वेडही इथे जुनंच आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते आरपार काढण्यापेक्षा पडकी घरं तेवढी काढा आणि त्या जागी झाडं लावलेले लहान चौक करा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास दिवाळीला त्यांनी स्वच्छतेची मिरवणूक काढली. तिच्यात प्लेगच्या राक्षसी उंदराचा पुतळा होता, आणि लोकांना तुळशीची रोपं फुकट वाटली होती. आपल्या कॉलन्या पुष्कळ नंतरच्या, त्यांचा नकाशा काही गेडिसने काढलेला नाही, पण आईंना हा किस्सा आवडेल.

आता गुडघ्यांचं. वॉकिंग ट्रॅकवरचे पेव्हर ब्लॉक गुलमोहराच्या मुळांनी जागोजागी उचकटलेले असतात, ठेच हमखास लागते. बाबांना ट्रॅकच्या आतल्या मातीच्या पायवाटेवरून चालू द्या. बाकांची ददात नाही. जरा पुढे गेलात की ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं मराठीत रंगवलेले बाक दिसतील. आईबाबा आडनावं वाचत बसले तर घाई करू नका, कुठलं तरी नातं निघणारच.

वेळ सकाळचीच ठेवा. दुपारी बऱ्याच फाटकांना कुलूप असतं, आणि संध्याकाळी क्रिकेटचा चेंडू कुठून येईल याचा नेम नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला असाल तर मात्र दिवेलागणीलाही एक चक्कर मारा, सप्तपर्णी फुललेली असते. तो वास काहींना डोक्यात जातो, आईंना चालतो का ते आधी विचारा.

अख्खा रस्ता एका दमात झाला नाही तर मधूनच ई-रिक्षा करा. आणि घरून नाश्ता करून निघू नका, वाटेत पोहे-जिलबी लागतेच. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इथला चटपटीत मसाला) बाबांच्या पोह्यांवर जरा बेतानेच घालायला सांगा.