मे महिन्याचा किस्सा कापू नको

बेटा,

तुझ्या डेटाबेसवरच्या पेपरचा ड्राफ्ट काल रात्री वाचला. कूलर घरघरत होता, लाईट दोनदा गेली तरी मोबाईलवर वाचत राहिलो, म्हणजे समज की कंटाळा आला नाही. पण एक गोष्ट खटकली आणि ती फोनवर सांगितली असती तर तू "हो सर, हो सर" करून फोन ठेवून दिला असतास, म्हणून लिहून राहिलो.

मागे आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता तू मला जे सांगितलं होतंस ते या बारा पानांत कुठंच नाही. वीज मीटरचं रीडिंग दर पंधरा मिनिटांनी येतं, पण मे महिन्यातल्या वादळात दोन-तीन तालुक्यांचं नेटवर्क गेलं, आणि दोन दिवसांनी आलं तेव्हा सगळे मीटर एकदमच बोलायला लागले, जुन्या तारखांचा डेटा नुसता कोसळला, तुमची जुनी पार्टिशन्स (डेटाचे तुकडे) कॉम्प्रेस करून ठेवलेली, उशिरा आलेल्या एकेका ओळीसाठी ती उघडावी लागली आणि बिलिंगच्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) रात्रभर अडकून पडल्या. मग तुम्ही उशिराच्या डेटासाठी वेगळं छोटं टेबल केलं, वाचताना दोन्हीकडून वाचायचं, मर्ज रात्री निवांत. पहिला उपाय तर साफ फसला होता हेही तू हसत हसत सांगितलंस. माझ्या पोह्यांवरची तर्री थंड झाली, मी ऐकतच होतो.

आणि पेपरात काय आहे? "एक नवीन इंडेक्स रचना" (डेटा पटकन सापडावा म्हणून केलेली सूची). वरून दोन थिअरम. मे महिना गायब, वादळ गायब, फसलेला उपाय गायब.

अगं, पहिल्याच पानावर रिव्ह्यूअर (पेपर तपासणारा) विचारणार की हे एलएसएम-ट्रीपेक्षा वेगळं काय? आलेला डेटा आधी छोट्या जागी घे आणि मागाहून मोठ्यात मिसळ, ही एलएसएम-ट्रीची आयडिया १९९६ च्या पेपरात आहे, व्हीएलडीबी (डेटाबेसची मोठी जागतिक कॉन्फरन्स) मुंबईत भरली होती ना, त्याच वर्षी. तुझं काम खोटं नाही, तू त्याला दुसऱ्याचा सूट घालून लग्नाला पाठवून राहिली, एवढंच.

हे मी इतकं ठासून सांगतो कारण मी स्वतः हेच केलंय. एका कंपनीत होतो, सिस्टीम चांगली चालत होती, आम्ही एका कॉन्फरन्सच्या रिसर्च ट्रॅकला (नव्या संशोधनाच्या विभागाला) पेपर टाकला. पानं जास्त होत होती म्हणून काय कापलं तर प्रॉडक्शनमध्ये काय काय मोडलं तो सगळा भाग, कारण वाटलं की ते काय सांगायचं, लाज वाटते. रिजेक्ट. तिन्ही रिव्ह्यूंचा सूर एकच, नवीन काय ते कळत नाही, आणि एकाने खाली लिहिलं होतं की हे खरंच कुठे वापरात असेल तर तो अनुभव वाचायला आवडला असता. तो अनुभव माझ्या लॅपटॉपवर 'जुना_कापलेला' नावाच्या फाईलमध्ये पडला होता. दोन दिवस कोणाशी बोललो नाही मी.

म्हणून आधी ट्रॅक ठरव, लिहिणं नंतर. रिसर्च ट्रॅकला नवी कल्पना लागते आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा कुठे सरस आहे याचा पुरावा. इंडस्ट्रियल ट्रॅकला कल्पना जुनी असली तरी चालते, तिथे विचारतात की सिस्टीम खरी चालते का, किती लोडवर, काय अपेक्षेबाहेर घडलं, आणि दुसऱ्या कंपनीतल्या इंजिनियरला यातून काय घेता येईल. प्रॉडक्टची जाहिरात मात्र चालत नाही, "आमचं सोल्युशन स्केलेबल आणि रोबस्ट" असलं वाक्य दिसलं की वाचणाऱ्याचा मूड जातो (तुझ्या ड्राफ्टात चार वेळा आहे, मोजलं मी). स्नोफ्लेकचा २०१६ चा आणि ॲमेझॉन ऑरोराचा २०१७ चा (दोन्ही क्लाउडवरचे डेटाबेस), दोन्ही सिग्मॉडचे (व्हीएलडीबीसारखीच दुसरी कॉन्फरन्स) पेपर काढ आणि आर्किटेक्चर वाचण्याआधी शेवटी जाऊन 'काय शिकलो' हा भाग वाच. तुझा मे महिना तिथे बसतो. अजून एक दार आहे, डेमो ट्रॅक, छोटा पेपर आणि समोर सिस्टीम चालवून दाखवायची. डकडीबी नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर २०१९ च्या सिग्मॉडमध्ये डेमो म्हणूनच आलं होतं, आज ते कुठे आहे पाहा. पण तुझं मटेरियल इंडस्ट्रियलचंच आहे, माझं मत पक्कं आहे.

तू म्हणशील, व्हीएलडीबीच्या रिसर्चला तर दर महिन्याला डेडलाईन असते, टाकून पाहू, काय जातं. जातं बेटा. दर महिन्याच्या १ तारखेला डेडलाईन असते हे खरं, पण रिजेक्ट झालेला पेपर पाठवल्या तारखेपासून १२ महिने परत टाकता येत नाही. म्हणजे दिसायला वर्षात बारा चान्स आणि एका पेपरला एकच. आणि एकच पेपर एकाच वेळी दोन कॉन्फरन्सला पाठवायचा नाही हे मी तुला सांगायची गरज नाही, तरी सांगून ठेवतो.

वेळेचंही पाहून घे. तिथली डेडलाईन पॅसिफिक वेळेने संध्याकाळी ५ ची, म्हणजे आपल्याकडे २ तारखेची पहाट, उन्हाळ्यात साडेपाच आणि थंडीत साडेसहा. काही कॉन्फरन्सला 'एनीव्हेअर ऑन अर्थ' (पृथ्वीवर सगळीकडे ती तारीख संपेपर्यंत) असतं, तिथली रात्रीची ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ ५:२९. पहाटेच्या डेडलाईनला नागपुरात बसून अपलोड करायचं म्हणजे लाईट, वायफाय आणि झोप तिघांवर भरवसा ठेवणं आलं. आदल्या संध्याकाळी एक पूर्ण व्हर्जन चढवून ठेव, मग रात्रभर काय सजवायचं ते सजव.

आता एक्सपेरिमेंट. इथे मी जरा कडक बोलणार. तू पोस्टग्रेस या नावाजलेल्या फुकटच्या डेटाबेसशी तुलना केली आणि आठपट फास्ट दाखवलं. कॉन्फिगरेशन काय होतं? मी तुझी स्क्रिप्ट पाहिली, शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) डिफॉल्ट, १२८ एमबी. ६४ जीबीच्या मशीनवर! ही म्हणजे समोरच्या पैलवानाचे हात बांधून कुस्ती जिंकणं झालं, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांत पोस्टग्रेस कोळून प्यायलेला एक तरी असतोच. समोरच्या सिस्टीमला तुझ्या सिस्टीमइतक्याच प्रेमाने ट्यून कर, काय काय बदललं ते लिही, मग आठपटीचं दुप्पट झालं तरी चालेल, दुप्पट खरं असेल तर खूप झालं. कॅश गरम होता की थंड (डेटा आधीच मेमरीत होता की नाही) ते लिही. एकदा रन करून आकडा टाकू नको. सरासरी दाखवून थांबू नको, तुमचं दुखणं सरासरीत नव्हतंच, सगळ्यात हळू क्वेऱ्यांमध्ये होतं, तर पी९९ (शंभरातल्या ९९ क्वेऱ्या जेवढ्या वेळात संपतात ती वेळ) दाखव.

टीपीसी-एच या ठरलेल्या बेंचमार्कच्या (डेटाबेसच्या चाचणीच्या) २२ क्वेऱ्या चालवल्यास ते ठीक आहे, सगळेच चालवतात, पण त्यातला डेटा सारखा पसरलेला, गुळगुळीत, आपल्याकडच्या मीटरसारखा नाही. २०१५ मध्ये व्हीएलडीबीच्या जर्नलमध्ये ऑप्टिमायझरवरचा (क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते ठरवणारा भाग) एक पेपर आला होता, त्यांनी आयएमडीबीचा खरा सिनेमांचा डेटा घेऊन ११३ क्वेऱ्यांचा जॉइन ऑर्डर (टेबलं कोणत्या क्रमाने जोडायची) बेंचमार्क केला, आणि खऱ्या डेटावर मोठमोठ्या सिस्टीमचे ओळींच्या संख्येचे अंदाज किती सपशेल चुकतात ते दाखवलं. तुझ्याकडे तर खरा डेटा घरचाच आहे, आणि तू तो सोडून गुळगुळीत घेऊन बसली! काऊन? कंपनी देत नाही म्हणून ना?

तर मग परमिशन. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि लोक हे सगळ्यात शेवटी करतात. लीगलला आजच मेल टाक. ग्राहकाचं नाव, मीटर नंबर, गाव काहीच बाहेर जाणार नाही, खरे आकडे द्यायचे नसतील तर पहिल्या दिवसाच्या लोडला १ धरून बाकीचे त्याच्या पटीत देऊ, असं आधीच लिहून दे, त्यांना "नाही" म्हणायला जागा कमी राहते. आणि ज्या विकतच्या डेटाबेसशी तुलना करायची त्याचं लायसन्स वाच. काही लायसन्समध्ये परवानगीशिवाय बेंचमार्कचे आकडे छापायला मनाई असते, 'डेविट क्लॉज' म्हणतात त्याला, विस्कॉन्सिनच्या एका प्रोफेसरांनी १९८३ मध्ये आकडे छापले आणि एका कंपनीला ते झोंबले तेव्हापासूनची भानगड. म्हणून पेपरांत डेटाबेसच्या नावाऐवजी "सिस्टीम एक्स" दिसतं.

फॉर्मॅटचं थोडक्यात. टेम्प्लेटची मार्जिन दाबून पानं बसवायची नाहीत, न वाचताच परत येतो पेपर. सिग्मॉडच्या रिसर्चला डबल ब्लाइंड (लिहिणारे आणि तपासणारे एकमेकांना कळत नाहीत) असतं, तिथे नाव लपवायचं, पीडीएफच्या प्रॉपर्टीत राहिलेलं नाव आणि आकृतीतला कंपनीचा लोगोसुद्धा. इंडस्ट्रियलला सहसा नाव-कंपनी उघडच असते, पण त्या वर्षीचा कॉल (पेपर मागवणारी सूचना) स्वतः वाच, नियम दरवर्षी थोडे हलतात, माझ्या आठवणीवर जाऊ नको. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांची नावं कॉन्फ्लिक्टमध्ये (तुझा पेपर तपासू नये अशांच्या यादीत) टाक. मीसुद्धा येतो त्यात.

पैशाचं टेन्शन आत्ता घेऊ नको. इंडस्ट्रियल पेपर ॲक्सेप्ट झाला तर कंपन्यांना एकदम अभिमान वाटायला लागतो आणि तिकीट निघतं, असा माझा अनुभव. आणि दरवेळी सातासमुद्रापारच जावं लागतं असंही नाही, २०१६ ची व्हीएलडीबी दिल्लीला होती आणि २०२६ ची सिग्मॉड बेंगळुरूची. आपल्याकडे कोमॅड (भारतातली डेटाबेसची कॉन्फरन्स) पण आहे, तिथे आधी बोलून आलीस तर प्रश्न कसे येतात ते कळेल.

तर या आठवड्यात इंग्रजी ड्राफ्टला हातच लावू नको. त्या मे महिन्याचं दोन पानं लिही, मराठीत, मला सांगितलं होतंस तसंच, वादळापासून. पहिला उपाय काय होता आणि तो नेमका कुठे फसला हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही, तू सांगत होतीस आणि नेमका तेव्हाच पोहेवाला पैसे मागायला आला. तेवढं नीट लिही. रविवारी सकाळी घरी ये, ती दोन पानं घेऊन बसू. येताना लॅपटॉपचा चार्जर आण, मागच्या वेळी विसरली होतीस.