गाडीचा हप्ता राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: मी ६० व्या वर्षी नुकताच निवृत्त झालो. पेन्शन नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ४२ लाख मिळाले. घरखर्च महिना ३० हजार. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून वर्षाला ४ लाखांची गॅरंटीड पॉलिसी घेतली. हप्ते १० वर्षं, १५ वर्षांनी ६२ लाख मिळणार. कागद १८ दिवसांपूर्वी आले. आता गाडी कमी चालेल, तर तिच्या विम्याचा १२ हजारांचा हप्ता उतरेल का? (१२०० सीसी, चार वर्षं जुनी, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, साडेचार लाख, चार वर्षांत एकही क्लेम नाही.) की फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) ठेवून वाचलेले पैसे पॉलिसीच्या हप्त्याला लावू?

उत्तर: तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा १८ आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. तुमच्याकडे १२ दिवस उरलेत. गाडीचं नंतर बघू.

नियमित उत्पन्न नसलेल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं ही चुकीची विक्री आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. पहिला हप्ता गेल्यावर ३८ लाख उरले. घरखर्च वर्षाला ३ लाख ६० हजार, पुढच्या वर्षापासून त्यात ४ लाखांचा हप्ता. शिलकीवर ७ टक्के व्याज धरलं आणि महागाई अजिबात धरली नाही, तरी सातवा हप्ता येईल तेव्हा हातात जेमतेम ५ लाख असतील. हप्ता भराल की घर चालवाल? मधेच हप्ते थांबवले तर भरलेल्यातला मोठा वाटा बुडतो. आणि सगळे हप्ते भरलेच, तरी ४० लाखांचे १५ वर्षांनी ६२ लाख म्हणजे परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. ‘पैसे दीडपट’ असं सांगून विकतात, वर्षं मोजून कोणी दाखवत नाही.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नव्हे. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, पॉलिसी कोणत्या तारखेला मिळाली ते लिहा, प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता वजा होऊन बाकी रक्कम परत येते. बँकेतून ‘आठवडाभर थांबा, मार्ग काढू’ असा फोन येईल. थांबू नका, मुदत त्यातच निघून जाते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, त्यानेही भागलं नाही तर विमा लोकपाल.

पैसे आले की ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिना साडेवीस हजार. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी आणखी साडेपाच हजार. तरीही महिन्याला चार हजार कमी पडतात, आणि अडीअडचणीला तीनेक लाखच उरतात. ओढाताण आहे, तीही आजच्या भावांत. यात ४ लाखांच्या हप्त्याला जागाच नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला असेल, तर स्वतःची आरोग्य पॉलिसी याच महिन्यात बघा.

आता गाडी. निवृत्त झालात म्हणून आपोआप काही उतरत नाही. तुमच्या १२ हजारांत थर्ड पार्टीचे ३,४१६ आहेत. हा दर सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं, चालवणारा तिशीचा असो की साठीचा. जीएसटी १,८०० च्या आसपास, मालकाच्या अपघात विम्याचे थोडे. राहिले ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, साडेसहा हजार. कंपन्यांचे दर वेगवेगळे असतात ते एवढ्याच भागात, म्हणून तीन ठिकाणची कोटेशन घ्या, पण आयडीव्ही तीच ठेवून. आयडीव्ही पाडून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे हातात येतात.

कमी चालवणाऱ्यांसाठी ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ आहे. किलोमीटरचा टप्पा निवडायचा, मीटरचं रीडिंग द्यायचं. टप्पा ओलांडायच्या आत टॉप-अप घ्यायला विसरलात, तर ओन डॅमेजचा क्लेम अडकू शकतो. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असेल, तर गाडीच्या पॉलिसीत तो पुन्हा घ्यावा लागत नाही. हे सगळं करून वर्षाला हजार-दीड हजार वाचतील. चार लाखांच्या हप्त्यापुढे ते कुठे पुरणार?

नुसती थर्ड पार्टी ठेवू नका. साडेचार लाखांची गाडी तुम्ही पुन्हा घेऊ शकत नाही. शिवाय ४५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सवलत, कमावलाय, ओन डॅमेजमध्ये ९० दिवसांहून जास्त खंड पडला की तो जातो. तो नसता तर साडेसहाऐवजी पावणेबारा हजार मोजावे लागले असते. म्हणूनच बंपरच्या पाच-सहा हजारांच्या कामासाठी क्लेम करू नका. पुढच्या नूतनीकरणाला एनसीबी शून्यावर येतो आणि ५० टक्क्यांवर पोचायला पाच वर्षं लागतात.

आणि वाहन परवान्याची तारीख आजच बघा. पंचावन्ननंतर तो पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, नूतनीकरणाला फॉर्म १ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. अपघाताच्या दिवशी परवाना संपलेला असला, तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं.